रिक्त स्थानाचा अधिकार : टॉप क्वार्क आणि कणभौतिकीची व्यवस्था

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादी व्यवस्था तक्त्याच्या रूपाने मांडली असता तिच्यातील एखादे घर रिकामे राहते, हा अनुभव भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला नवा नाही. मराठीच्या वर्णव्यवस्थेत तालव्य च, ज, झ यांच्या जोडीने दंततालव्य च, ज, झ हेही वर्ण आहेत. 'चार' आणि 'चाक' या शब्दांतील आद्य व्यंजने भिन्न आहेत. 'जरा' या शब्दाच्या एका उच्चाराचा अर्थ 'थोडे' असा होतो, तर दुसऱ्याचा 'वार्धक्य' असा. परंतु छ हा वर्ण मात्र केवळ तालव्यच आहे. त्याच्या दंततालव्य जोडीदाराचे घर मराठीत रिकामे आहे. या रिकामेपणामुळे मराठीचे काही अडले नाही. ते घर कोणी तरी भरलेच पाहिजे असेही कोणी म्हटलेले नाही.

याच्या उलट प्रकारचे उदाहरणही भाषाशास्त्राच्याच इतिहासात आहे. फेर्दिनां द सोस्यूर यांनी १८७९ या वर्षाची तिथी असलेल्या आपल्या प्रबंधात आद्य इंडो-युरोपीय भाषेच्या स्वरव्यवस्थेचे विवेचन करताना, कोणत्याही ज्ञात भाषेत प्रत्यक्ष न आढळणारी काही मूळ घटकतत्त्वे गृहीत धरली. धातूंतील स्वरांचे वर्तन एरवी अनियमित दिसत होते; ही तत्त्वे मानली की ते नियमबद्ध ठरत होते. पुढे हित्ती भाषेचा उलगडा झाला आणि १९२७ मध्ये येर्झी कुरिलोविच यांनी दाखवून दिले की, अशा कित्येक स्थानी हित्तीमध्ये एक घर्षक व्यंजन प्रत्यक्ष उपस्थित आहे. संस्कृत 'अन्ति' आणि लॅटिन 'आंते' यांच्या आरंभी जेथे नुसता स्वर आहे, तेथे हित्तीतील सजातीय शब्दाच्या आरंभी 'ह'सारखा वर्ण आहे.

तेव्हा रिकामी घरे दोन प्रकारची असतात. काही नुसतीच रिकामी असतात. काहींमध्ये मात्र, शेजारच्या भरलेल्या घरांचे वर्तन सुसंगत राहावयाचे असेल तर, कोणी तरी असावेच लागते. या दोन प्रकारांतील भेद ओळखावयाचा कसा, आणि दुसऱ्या प्रकारचे रिक्त स्थान आपल्या भावी रहिवाशाविषयी किती सांगू शकते व किती सांगू शकत नाही, हा प्रश्न कोणत्याही रचनावादी शास्त्राच्या पद्धतीचा मूलभूत प्रश्न होय. विसाव्या शतकातील कणभौतिकीत या प्रश्नाची सर्वांत कठोर कसोटी टॉप क्वार्क या कणाच्या निमित्ताने लागली. १९७७ पासून १९९५ पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षे, हा कण केवळ एक रिकामे घर होता.

२. तक्त्याची घडण

प्रोटॉन व न्यूट्रॉन हे अणुकेंद्रातील कण, तसेच त्यांच्यासारखे प्रबल आंतरक्रियेत भाग घेणारे इतर असंख्य कण, हे अधिक मूलभूत घटकांचे बनलेले असावेत, अशी कल्पना १९६४ मध्ये मरी गेल-मान आणि जॉर्ज त्स्वाइग यांनी परस्परनिरपेक्षपणे मांडली. गेल-मान यांनी या घटकांना 'क्वार्क' हे नाव दिले. त्याचे वर्णलेखन त्यांनी जेम्स जॉइस यांच्या 'फिनेगन्स वेक' या कृतीवरून घेतले. आरंभी तीन क्वार्क पुरेसे होते : अप, डाउन आणि स्ट्रेंज. प्रोटॉनच्या विद्युत्भाराच्या मापाने अपचा भार दोन-तृतीयांश व उरलेल्या दोहोंचा उणे एक-तृतीयांश आहे.

क्वार्कांच्या जोडीला इलेक्ट्रॉन, म्यूऑन व त्यांचे न्यूट्रिनो हे कण आहेत. त्यांना लेप्टॉन म्हणतात. प्रबल आंतरक्रियेत ते भाग घेत नाहीत. क्षीण आंतरक्रिया, म्हणजे किरणोत्सर्गातील बीटा-क्षयास कारण होणारी क्रिया, मात्र क्वार्क व लेप्टॉन या दोघांनाही लागू आहे आणि ती कणांना जोडीजोडीने हाताळते. तिच्या प्रभावाने अपचा डाउन होतो व डाउनचा अप. तद्वतच इलेक्ट्रॉनचा त्याच्या न्यूट्रिनोशी संबंध असतो. दोन क्वार्क व दोन लेप्टॉन अशा चौकडीला 'पिढी' ही संज्ञा रूढ झाली आहे.

स्ट्रेंज क्वार्क आरंभी जोडीदारावाचून होता. १९७० मध्ये ग्लॅशो, इलिओपौलोस व मायानी यांनी दाखविले की, तो एकटाच असता तर काही क्षय प्रयोगात आढळतात त्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आढळले असते. चार्म नावाचा चौथा क्वार्क मानला की ही विसंगती नाहीशी होते. नोव्हेंबर १९७४ मध्ये ब्रुकहेव्हन व स्टॅनफर्ड येथील दोन प्रयोगांत चार्म सापडला आणि दुसरी पिढी पूर्ण झाली.

यापूर्वीच, १९७३ मध्ये, क्योतो विद्यापीठातील माकोतो कोबायाशी व तोशिहिदे मास्कावा यांनी एक अधिक धाडसी विधान केले होते. द्रव्य व प्रतिद्रव्य यांच्या वर्तनातील एक सूक्ष्म विषमता १९६४ मध्ये उदासीन केऑन या कणांच्या क्षयात आढळली होती. क्षीण आंतरक्रियेत निरनिराळ्या पिढ्यांतील क्वार्कांचे परस्परमिश्रण होते. पिढ्या दोनच असतील तर या मिश्रणाच्या गणितात विषमतेला जागाच राहत नाही. तीन पिढ्या असतील तर नेमकी एका स्वतंत्र राशीची जागा उरते. म्हणून क्वार्क सहा असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष मांडला गेला तेव्हा प्रयोगास ज्ञात असलेले क्वार्क केवळ तीन होते, ही गोष्ट विसरता कामा नये.

१९७५ मध्ये मार्टिन पर्ल व त्यांचे सहकारी यांना टाऊ हा तिसऱ्या पिढीचा लेप्टॉन सापडला. १९७७ मध्ये अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत लिऑन लेडरमन यांच्या गटाला अप्सिलॉन हा कण आढळला. तो एका नव्या, उणे एक-तृतीयांश भाराच्या क्वार्कचा व त्याच्या प्रतिकणाचा संयोग होता. या पाचव्या क्वार्कला बॉटम, आणि त्याच्या अद्याप न आढळलेल्या जोडीदाराला टॉप, ही नावे मिळाली. अप-डाउन या जुन्या जोडीच्या धर्तीवर ती हाइम हरारी यांनी १९७५ मध्येच सुचविली होती. काही काळ 'ट्रूथ' व 'ब्यूटी' ही नावेही प्रचारात होती, पण ती टिकली नाहीत. नावाचा कणाच्या स्वभावाशी काही संबंध नाही. तक्त्यातील वरचे घर एवढाच त्याचा अर्थ.

३. घर भरणे अवश्य का होते

बॉटम सापडला म्हणून टॉप असलाच पाहिजे, हे अनुमान केवळ समरूपतेच्या आवडीतून निघाले असते तर त्याचे मोल फार नव्हते. परंतु त्यामागे निदान दोन स्वतंत्र कारणे होती.

पहिले कारण गणिती सुसंगतीचे. विद्युत्चुंबकीय व क्षीण आंतरक्रियांचा एकत्रित सिद्धांत पुंजयामिकीच्या चौकटीत सुसंगत राहावयाचा असेल तर प्रत्येक पिढीतील सर्व विद्युत्भारांची बेरीज शून्य यावी लागते; हे १९७२ मध्ये स्पष्ट झाले होते. ही बेरीज कोणासही करून पाहता येईल. प्रत्येक क्वार्क तीन 'रंगांत' आढळतो, म्हणून त्याचा भार तीनदा मोजावयाचा. तिसऱ्या पिढीत टाऊचा भार उणे एक, त्याच्या न्यूट्रिनोचा शून्य, बॉटमचा तीन वेळा उणे एक-तृतीयांश म्हणजे उणे एक. एकूण उणे दोन. ही बाकी फेडण्यास दोन-तृतीयांश भाराचा, तीन रंगांचा एक क्वार्क हवा : तीन वेळा दोन-तृतीयांश म्हणजे बरोबर दोन. टॉपच्या घरावर त्याचा भार जणू आधीच लिहून ठेवलेला होता.

दुसरे कारण प्रायोगिक होते. बॉटम एकाकी असता तर त्याचा स्ट्रेंजमध्ये, विद्युत्भार न बदलता, थेट क्षय होऊन लेप्टॉनांची जोडी बाहेर पडण्याचे प्रमाण लक्षणीय असते. शोधूनही तसे आढळले नाही. शिवाय हॅम्बुर्ग येथील पेत्रा या यंत्रावर इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरींतून निर्माण होणारे बॉटम क्वार्क पुढे व मागे कोणत्या प्रमाणात फेकले जातात याची मापने १९८० नंतरच्या दशकात झाली. ती मापने, बॉटम हा एका जोडीतील खालचा सदस्य आहे, या गृहीताशी जुळली. खालचा सदस्य आहे म्हणजे वरचाही आहे.

छच्या दंततालव्य जोडीदाराचे घर आणि टॉपचे घर यांतील फरक येथे स्पष्ट होतो. पहिले घर रिकामे राहिल्याने च, ज, झ यांच्या वर्तनात काहीच विसंगत घडत नाही. दुसरे रिकामे राहते तर बॉटम व टाऊ यांचे प्रत्यक्ष मोजलेले वर्तनच अनाकलनीय ठरते. रिक्त स्थानाला अधिकार येतो तो त्याच्या शेजाऱ्यांमुळे.

४. स्थान ठाऊक, वस्तुमान अज्ञात

सोस्यूर यांच्या घटकतत्त्वांचे स्थान व कार्य निश्चित होते; त्यांचा उच्चार कसा होता, हे व्यवस्था सांगू शकत नव्हती. त्याविषयी आजही एकमत नाही. टॉपच्या बाबतीत हीच गोष्ट वस्तुमानाच्या रूपाने पुढे आली. विद्युत्भार, परिवलन, रंग, जोडीतील स्थान हे सर्व सिद्धांताने सांगितले. वस्तुमानाविषयी मात्र सिद्धांत मौन होता.

कणांची वस्तुमाने गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट (पुढे 'गि. इ. व्हो.') या ऊर्जेच्या एककात देण्याचा प्रघात आहे, प्रोटॉनचे वस्तुमान या मापाने ०.९४ आहे. चार्मचे सुमारे १.३, बॉटमचे सुमारे ४.२. या क्रमावरून टॉप १५ ते ३० च्या आसपास असेल, अशी अनेकांची अटकळ होती. पेत्रा यंत्राने सुमारे २३ पर्यंतचा व जपानमधील त्रिस्तान यंत्राने सुमारे ३० पर्यंतचा प्रदेश धुंडाळला. टॉप मिळाला नाही. १९८४ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेतील एका गटाने सुमारे ४० गि. इ. व्हो. वस्तुमानाच्या टॉपची चिन्हे दिसल्याचे जाहीर केले. परंतु अधिक माहिती जमा झाल्यावर व इतर कारणांनी घडणाऱ्या सदृश घटनांचा हिशेब नीट लागल्यावर ती चिन्हे विरून गेली. १९९२ पर्यंत फर्मी प्रयोगशाळेतील सी. डी. एफ. या गटाने ९१ ही, आणि १९९४ मध्ये तेथीलच डी-झीरो या गटाने १३१ ही खालची मर्यादा घालून दिली. क्रमावरून बांधलेली अटकळ पूर्णपणे फसली होती.

तथापि वस्तुमानाचा सुगावा दुसऱ्या एका मार्गाने लागत होता. पुंजसिद्धांतानुसार जो कण निर्माण करण्याइतकी ऊर्जा उपलब्ध नाही, तोही क्षणिक आभासी रूपाने इतर प्रक्रियांत भाग घेतो व मोजता येण्याजोगा ठसा उमटवितो. १९८७ मध्ये हॅम्बुर्ग येथे, बॉटम क्वार्क असलेला उदासीन कण स्वतःच्या प्रतिकणात अपेक्षेहून कितीतरी अधिक वेळा रूपांतरित होतो, असे दिसून आले; टॉप बराच जड असल्याशिवाय हे संभवत नव्हते. त्यापूर्वी, १९७७ मध्ये, मार्तिनुस व्हेल्टमन यांनी दाखविले होते की, क्षीण आंतरक्रियेचे वाहक जे डब्ल्यू व झेड कण, त्यांच्या वस्तुमानांच्या गुणोत्तरावर जोडीतील दोन क्वार्कांच्या वस्तुमानांतील तफावतीचा परिणाम होतो आणि जड क्वार्कच्या बाबतीत तो वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १९८९ मध्ये सर्न येथे लेप हे यंत्र सुरू झाले व झेड कणाची अत्यंत काटेकोर मापने हाती आली. १९९४ पर्यंत त्यांवरून टॉपचे वस्तुमान १५० ते २०० च्या दरम्यान असावे, असे अनुमान निघाले. न दिसलेल्या वस्तूचे वजन तिच्या शेजाऱ्यांच्या वर्तनावरून काढण्याचा हा प्रकार होता.

५. शोध आणि ओळख

शिकागोजवळील बटेव्हिया येथील फर्मी प्रयोगशाळेत सुमारे ६.३ किलोमीटर परिघाचे टेव्हाट्रॉन हे वेगवर्धक यंत्र होते. त्यात प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन यांच्या टकरी १८०० गि. इ. व्हो. ऊर्जेला घडविल्या जात. टॉप व प्रति-टॉप यांची जोडी सुमारे एक हजार कोटी टकरींत एखाद्या वेळी निर्माण होई. ती घटना उरलेल्या राशीतून वेचून काढणे, हा खरा प्रश्न होता.

टॉप प्रत्यक्ष कधीच दिसत नाही. त्याचा जवळजवळ नेहमीच एक डब्ल्यू कण व एक बॉटम क्वार्क यांत क्षय होतो. डब्ल्यूचाही लगेच क्षय होतो : सुमारे दोन-तृतीयांश वेळा दोन क्वार्कांत व उरलेल्या वेळी एक लेप्टॉन व एक न्यूट्रिनो यांत. क्वार्क मोकळे राहू शकत नाहीत. प्रत्येकातून एकाच दिशेने धावणाऱ्या कणांचा एक झोत तयार होतो. न्यूट्रिनो कोणताही माग न ठेवता निघून जातो व त्याचे अस्तित्व हिशेबात कमी पडणाऱ्या संवेगावरून ओळखावे लागते. अभिज्ञातक यंत्रात नोंद होते ती काही झोतांची, एखाद्या लेप्टॉनची आणि एका तुटीची. त्यावरून मूळ जोडीची पुनर्रचना करावयाची असते.

या पुनर्रचनेत एका खुणेचे महत्त्व फार मोठे ठरले. इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन हे कण बॉटम व चार्म यांच्या क्षयातही बाहेर पडतात. मग ते टॉपचे कसे ओळखावयाचे? १९८३ मध्ये, त्या काळी मुंबईत संशोधन करीत असलेल्या रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) व दुर्गाप्रसाद रॉय यांनी संदीप पाकवासा यांच्या सहकार्याने असे दाखविले की, हलक्या क्वार्कातून निघालेला लेप्टॉन आपल्या झोताच्या आतच अडकलेला असतो, तर टॉपसारख्या जड क्वार्कातून निघालेला लेप्टॉन झोतांपासून दूर, एकाकी आढळतो. एकाकी लेप्टॉनचा हा निकष टॉपच्या शोधात सर्वत्र उपयोगी पडला. त्याच्या जोडीला दुसरी एक खूण होती : बॉटम असलेले कण क्षयापूर्वी काही मिलिमीटर अंतर जातात. सी. डी. एफ. गटाच्या यंत्रात टकरीच्या स्थानालगत सिलिकॉनच्या पट्ट्या बसविलेल्या होत्या, त्यामुळे हे अंतर मोजता येत होते.

एप्रिल १९९४ मध्ये सी. डी. एफ. गटाने बारा घटनांच्या आधारे टॉपच्या अस्तित्वाचा पुरावा मांडला, पण 'शोध' हा शब्द वापरला नाही. २ मार्च १९९५ रोजी सी. डी. एफ. व डी-झीरो या दोन्ही गटांनी एकाच वेळी शोध जाहीर केला. डी-झीरोच्या निवडीत १७ घटना होत्या; टॉप नसता तर अशा सुमारे ३.८ घटना अपेक्षित होत्या. वस्तुमान सी. डी. एफ.च्या मते १७६ व डी-झीरोच्या मते १९९ होते. दोन्ही आकड्यांतील अनिश्चितता लक्षात घेता ते परस्परांशी व लेपच्या अनुमानाशी जुळणारे होते. प्रत्येक गटात सुमारे चारशे शास्त्रज्ञ होते. डी-झीरो गटात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, तसेच दिल्ली व पंजाब ही विद्यापीठे सहभागी होती.

टेव्हाट्रॉन ३० सप्टेंबर २०११ रोजी बंद झाले. त्यापूर्वीच सर्न येथे २७ किलोमीटर परिघाचे लार्ज हेड्रॉन कोलायडर हे यंत्र सुरू झाले होते. तेथे २०१५ ते २०१८ या काळात दोन प्रमुख प्रयोगांपैकी प्रत्येकात टॉपच्या दहा कोटींहून अधिक जोड्या निर्माण झाल्या. १९९५ मध्ये ज्याच्या घटना बोटांवर मोजता येत होत्या, तो कण आता सांख्यिकीय अभ्यासाचा विषय झाला आहे.

६. अल्पायुष्याचा लाभ

टॉपचे वस्तुमान आज सुमारे १७२.५ मानले जाते. ते प्रोटॉनच्या १८४ पट आहे, म्हणजे टंगस्टनच्या संपूर्ण अणूइतके. आणि हे सारे वस्तुमान ज्याला कोणतीही अंतर्गत रचना आढळलेली नाही अशा एकाच कणाचे आहे. या जडपणामुळे त्याचे आयुष्य अत्यल्प आहे. सेकंदाचा तो भाग लिहावयाचा तर दशांशचिन्हानंतर चोवीस शून्ये देऊन मग ५ हा अंक लिहावा लागेल. इतक्या वेळात प्रकाशही प्रोटॉनच्या व्यासाचा जेमतेम दशांश ओलांडतो.

क्वार्कांना एकत्र बांधून संयुक्त कण बनविण्यास प्रबल आंतरक्रियेला याहून अनेक पट वेळ लागतो. म्हणून इतर पाच क्वार्क नेहमी संयुक्त कणांत गुंतलेलेच आढळतात आणि टॉप त्या बंधनात अडकण्यापूर्वीच नाहीसा होतो. याचा एक महत्त्वाचा परिणाम असा की, त्याच्या परिवलनाची दिशा पुसली जात नाही; ती क्षयातून निघालेल्या कणांच्या दिशांत जशीच्या तशी उतरते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्नच्या अॅटलास गटाने या गुणाच्या आधारे टॉप व प्रति-टॉप यांची परिवलने पुंजीय अर्थाने परस्परांत गुंतलेली असल्याचे जाहीर केले. क्वार्कांच्या बाबतीत असे निरीक्षण तोवर झाले नव्हते.

मात्र 'टॉप कधीच बांधला जात नाही' हे विधान आता थोडे जपून करावे लागते. जोडी निर्माण होण्यास अगदी किमान ऊर्जा मिळाली असता तिचे दोन्ही घटक परस्परांपासून सावकाश दूर जातात. अशा स्थितीत अपेक्षेपेक्षा अधिक जोड्या आढळतात, असे २०२५ मध्ये सी. एम. एस. व अॅटलास या दोन्ही गटांनी दाखविले. क्षय होण्यापूर्वी क्षणभर घडणाऱ्या अर्धवट बंधनाशी हे निरीक्षण जुळते; परंतु त्याचा अन्य अर्थही संभवतो आणि त्याविषयीची चर्चा चालू आहे.

७. वस्तुमानाचा अर्थ

मूलकणांना वस्तुमान प्राप्त होते ते सर्वत्र पसरलेल्या हिग्स क्षेत्राशी असलेल्या त्यांच्या संबंधामुळे, असा आजचा सिद्धांत आहे. या क्षेत्राचा कण ४ जुलै २०१२ रोजी सर्न येथे जाहीर झाला. त्याचे वस्तुमान सुमारे १२५ आहे. कणाचे वस्तुमान जितके अधिक, तितका त्याचा हिग्सशी संबंध बळकट. या बळाचे माप इलेक्ट्रॉनच्या बाबतीत सुमारे तीन दशलक्षांश आहे. टॉपच्या बाबतीत ते जवळजवळ नेमके एक आहे. सामान्यतः टॉप इतका जड का, असे विचारले जाते. पण कोणत्याही खास कारणावाचून एक हीच संख्या अपेक्षित धरावी. म्हणून टॉपचे वस्तुमान हेच स्वाभाविक व इतर सर्व कणांची अल्प वस्तुमानेच स्पष्टीकरणाची अपेक्षा करणारी, असाही विचार मांडता येतो. यांतला कोणता प्रश्न योग्य, याचा निर्णय सिद्धांताने अद्याप दिलेला नाही.

हिग्स कणाच्या शोधातही टॉपचा वाटा होता. लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये हिग्स बहुतांशी ग्लुऑन या कणांच्या संयोगातून निर्माण होतो. ग्लुऑनला वस्तुमान नसल्याने त्याचा हिग्सशी थेट संबंध नाही. तो आभासी टॉपच्या मध्यस्थीने जुळतो. २०१८ मध्ये टॉपची जोडी व हिग्स यांची एकत्र निर्मिती प्रत्यक्ष आढळली आणि हा संबंध मध्यस्थाशिवायही सिद्ध झाला.

टॉपच्या वस्तुमानावर आणखी एक गोष्ट अवलंबून आहे. आजचा सिद्धांत अत्युच्च ऊर्जेपर्यंत जसाच्या तसा लागू आहे असे मानले, तर आपल्या विश्वाचे निर्वात ही किमान ऊर्जेची अंतिम अवस्था आहे की केवळ दीर्घकाळ टिकणारी तात्पुरती अवस्था, हे मुख्यतः टॉप व हिग्स यांच्या वस्तुमानांवरून ठरते. आजचे आकडे दुसऱ्या पर्यायाकडे झुकतात. त्या अवस्थेचे अपेक्षित आयुष्य मात्र विश्वाच्या आजच्या वयाहून इतके प्रचंड आहे की, त्यात भयाचे कारण नाही. टॉपचे वस्तुमान एक-दोन गि. इ. व्हो.नी कमी असते तर निर्वात पूर्णपणे स्थिर ठरले असते.

तेव्हा हे वस्तुमान किती अचूक ठाऊक आहे, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. अॅटलास व सी. एम. एस. यांच्या आरंभीच्या मापनांचे एकत्रीकरण करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा १७२.५२ असून त्यातील अनिश्चितता ०.३३ आहे. परंतु येथे एक अडचण आहे. टॉपला रंग असतो आणि त्याच्या क्षयानंतर दिसणाऱ्या झोतांना रंग नसतो. मधल्या रूपांतरात काही कण असे निर्माण होतात की, ते टॉपचे की टकरीच्या उरलेल्या भागाचे, हे तत्त्वतःच सांगता येत नाही. मोजलेला आकडा हा गणकयंत्रावरील अनुकरणाच्या नियमांतून काढलेला असतो, आणि सिद्धांतातील काटेकोर व्याख्येच्या वस्तुमानाशी त्याची बरोबरी अर्ध्या गि. इ. व्हो.च्या आसपास संदिग्ध राहते. ऐतिहासिक भाषाशास्त्रात पुनर्रचित रूपापूर्वी तारकाचिन्ह देण्याची प्रथा आहे. हे रूप प्रत्यक्ष आढळलेले नाही, विशिष्ट नियम मानले असता ते मिळते, अशी ती सूचना असते. टॉपचे अस्तित्व संशयातीत आहे. त्याच्या वस्तुमानाच्या शेवटच्या अंकांपुढे मात्र असे एक तारकाचिन्ह मनात धरणे योग्य ठरेल.

८. उपसंहार

या इतिहासावरून रचनेच्या सामर्थ्याविषयी दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, रिक्त स्थानावरून अस्तित्वाचे अनुमान करणे तेव्हाच न्याय्य असते, जेव्हा ते स्थान रिकामे मानल्याने भरलेल्या स्थानांचे ज्ञात वर्तन विसंगत ठरते. याचा पडताळा उलट दिशेनेही मिळतो. तीन पिढ्यांचा तक्ता पूर्ण झाल्यावर चौथी पिढी का नसावी, असा प्रश्न साहजिक होता. तक्त्याखाली आणखी एक ओळ आखण्यास कोणाचीच हरकत नव्हती. परंतु त्या ओळीची मागणी करणारे कोणतेही वर्तन आढळले नव्हते. लेपवर १९८९ पासून झालेल्या मापनांनी हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार तीनच असल्याचे दाखवून दिले, आणि पहिल्या तीन पिढ्यांसारखी चौथी पिढी पुढील शोधांतही आढळली नाही. ती ओळ दंततालव्य छच्या घरासारखी निघाली.

दुसरी गोष्ट अशी की, रचना संबंध सांगते. परिमाण सांगतेच असे नाही. टॉपचा भार व त्याची जोडी यांविषयी सिद्धांत जे बोलला ते अक्षरशः खरे ठरले. वस्तुमानाविषयी तो बोललाच नव्हता. तेथे चार्म व बॉटम यांच्या क्रमावरून बांधलेली प्रत्येक अटकळ चुकली. जेथे अनुमान यशस्वी झाले, तेथेही ते शेजाऱ्यांच्या प्रत्यक्ष मापनांतून निघालेले होते. पिढ्या तीनच का, आणि बॉटमच्या चाळीस पट जड असा त्याचा जोडीदार का, या दोन प्रश्नांची उत्तरे आजच्या व्यवस्थेत नाहीत. ती मिळावयाची असतील तर, सोस्यूर यांच्या घटकतत्त्वांना जशी हित्तीची साक्ष मिळाली, तशी या व्यवस्थेबाहेरील साक्ष मिळावी लागेल. टॉपच्या गुणधर्मांची मापने आजही इतक्या काटेकोरपणे चालू आहेत, त्यामागील एक प्रमुख प्रयोजन हेच होय.